मोरपंखी साडीतली रूपा

१

कानबाईचा हार चोरीला गेला आणि तो चोरताना रूपाला पाहिलंय, असं हेमराज फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होता. तेव्हा आमचे हे झोपाळ्यावर बसून पोटाचा पट्टा आवळत होते. श्रावणातला रविवार, आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसवायचा दिवस होता. मी पुरण शिजत घातलं होतं. फोन ठेवून हे म्हणाले, "मास्तरीणबाई, गॅस बंद करा. पारोळ्याकडे जायचंय."

आमचे हे म्हणजे पंडितराव, निवृत्त फौजदार. नोकरीत असताना यांची ढेरी आधी खोलीत शिरायची आणि फौजदारसाहेब मागाहून. पुढे गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. वर्ष-दीड वर्षात माणूस निम्मा झाला. लोकांना वाटतं, वजन उतरलं म्हणजे सुटलो. तसं नसतं हो! वजन जातं, पण त्या वजनाची पिशवी अंगावरच राहते. यांच्या पोटाची कातडी मांडीपर्यंत लोंबायची. तिच्या घडीत घाम साचून जखमा व्हायच्या, उन्हाळ्यात तर रडू यायचं. शेवटी महिन्यापूर्वी त्यांच्याच दवाखान्यात ती जादा कातडी काढून टाकली. त्याला टमी टक म्हणतात. मी नाव ऐकून आधी हसले होते, टाके पाहिले तेव्हा हसू विरलं.

त्याच दवाखान्यात आम्हाला रूपा भेटली. तिशीतली, पारोळ्याच्या पुढच्या एका गावची सून, माहेर रावेरचं. हेमराज तिचा नवरा, कापूस करतो. तिचंही यांच्यासारखंच झालं होतं. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांत शरीर अर्ध्यावर आलं, कातडी मात्र तेवढीच राहिली. हे टाके दाखवायला जायचे तेव्हा ती नुकतीच शस्त्रक्रिया होऊन पडली होती. मग दोघं व्हरांड्यात बरोबर चालण्याचा सराव करायचे, दोघंही कमरेत वाकलेले, जणू दोघांचं जमिनीवर काहीतरी पडलंय. ती यांना नाना म्हणते आणि मला काकू.

"चोरी? आपली रूपा?" गाडीत बसता बसता मी विचारलं.

"तिला चोरताना शेजारणीनं डोळ्यांनी पाहिलंय," हे म्हणाले, "आणि ती शेजारीण खोटं बोलणारी नाही, असं खुद्द हेमराजच सांगतोय."

मग आपण कशाला चाललोय, हे मला कळेना.

२

हेमराजच्या गल्लीत सगळीकडे कानबाईची गडबड होती. समोरच्या घराचा ओटा धुऊन, रांगोळी काढून लख्ख ठेवलेला. घरोघरी सुरतेहून, नाशिकहून माणसं आलेली. आमच्याकडे कानबाईला माणूस कुठूनही घरी येतो, कारण रोट खायचे असतात. रोट म्हणजे त्या त्या घराण्यासाठी मोजून घेतलेल्या गव्हाचा नैवेद्य. तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही. सून घरात आली की रोटाची होते, लेक लग्न होऊन गेली की परकी होते. रोटातून नाव कापलं म्हणजे घरातूनच कापलं.

रूपाची सासू दारातच उभी होती. तिला सगळे अक्का म्हणतात. म्हातारी काटक होती आणि डोळे रडून लाल झालेले.

"साहेब, तुम्ही उनात ते बरं व्हयनं," ती म्हणाली. "पन सांगी ठेवस. सांजले कानबाईपुढे दिवा लागानं पहिले हार नही उना, ते हाई बाई रावेरले जाई. पोर आठेच राही. रोटले तिना हात लागाव नही."

पोर म्हणजे ऋतिका, रूपाची सहा वर्षांची मुलगी. ती ओसरीवर केळीच्या पानाचे तुकडे करत बसली होती आणि सगळं ऐकत होती. मला त्या म्हातारीचा असा राग आला की पुढचं अर्धं वाक्य मी ऐकलंच नाही.

गोष्ट साधी होती. सोन्याच्या पुतळ्यांचा हार कानबाईचाच, वर्षातून एकदा देवीच्या गळ्यात पडतो. एरवी देवघराच्या दाराशी वरच्या फळीवर पितळी डब्यात असतो. शनिवारी दुपारी अक्का आणि थोरली सून मंदाबाई रोटाचं दळण घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. पुरुष शेतात. घरात एकटी रूपा झोपलेली. आज सकाळी हार उजळायला डबा काढला, तर रिकामा. गल्लीत विचारपूस केली, तेव्हा समोरच्या धुरपदाबाईनं सांगितलं की काल दुपारी रूपानं मोरपंखी साडीत फळीवर हात घातलेला तिनं पाहिला.

"रूपाला कसली शस्त्रक्रिया झालीय, माहितीये ना?" मी विचारलं.

"हार्निया," अक्का म्हणाली. "मन्ही बहीणना बी हार्निया काढेल शे. आठ दिनमां वावरमां गयथी ती. हात वर कराले काय जास?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी छताकडे. टमी टकचं घरात एकट्या हेमराजला माहीत होतं. देवानं दिलेलं अंग दिसण्यापायी कापायचं, हे अक्काला कधी पटलं नसतं. म्हणून हार्निया.

हे देवघराच्या दाराशी गेले, फळीकडे पाहिलं आणि हात वर केला. अर्ध्यावरच "आई गं!" करून खाली बसले. मंदाबाईनं घाईघाईनं पाणी आणलं.

गाडीपाशी येऊन मला हळूच म्हणाले, "माझा महिना झाला, तरी फळी गाठता येत नाही. पोटाचे स्नायू शिवलेत, कातडी ताणून बसवलीय. तिचे तर दोन आठवडेही नीट झालेले नाहीत. ती पोर सरळ उभीसुद्धा राहू शकत नाही, टाचा उंचावणं लांबच."

"मग सांगून टाका ना अक्काला! सुटली पोर."

"आत्ताच आत जाऊन रूपाला विचारून आलो. हात जोडून म्हणाली, नाना, सांगू नका."

घर सुटत होतं, मुलगी सुटत होती, आणि एका वाक्यानं वाचणार होती तरी ही बाई ते वाक्य बोलू देईना. का?

३

धुरपदाबाई समोरच्याच घरात राहतात. पंचाहत्तरीच्या असतील, दात गेलेले, पण आवाज खणखणीत. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडे दोन वर्षं राहून त्या काल दुपारीच परतल्या होत्या. आम्हाला बसायला गोधडी टाकली आणि यांनी विचारायच्या आधीच सुरू झाल्या.

"मी मन्हा डोयासघाई दखं, साहेब. कानबाईनी आन. गाडीमाइन उतरनू, ओट्टावर जरासी टेकनू. समोर दखस ते रूपा! टाचा उचलीसन फळीवर हात घाली र्‍हायनी."

"तोंड पाहिलं?"

"पाठमोरी व्हती. डोक्यावर पदर. तोंड कसाले दखाले पायजे? ती मोरपंखी साडी मी वळखस ना. मी सुरतले गऊ, त्यानी आगली कानबाईले तिनी तीच नेसेल व्हती. आनि चाल! तिनी चाल मी लाख बायासमां वळखसू."

"हातात डबा होता का?"

"कसा दखाई? ती दारमां उभी व्हती, मांगलं काहीच दखाये नही. मंग मांगला दारघाई निंघी गई."

"बोलला नाहीत तिच्याशी?"

"आवाज दिधा. आयकं नही तिनी."

"आणि आज सकाळपासून तिला भेटलात?"

"नही बा. मी कसाले जाऊ? चोट्टीनं तोंड दखाले?" असं म्हणताना म्हातारीचे डोळे भरून आले. "भलती चांगली पोर व्हती हो. मन्हा पाय दाबी दे. काय व्हयनं तिले?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ही बाई खोटं बोलत नाहीये."

"नाही."

"आणि रूपा तो डबा काढूच शकत नाही."

"नाही."

"मग दोन्ही खरं कसं असेल?"

हे नुसतेच त्या धुतलेल्या ओट्याकडे बघत राहिले. नोकरीतही असंच करायचे. मला बायको म्हणून त्या गप्पपणाचा पस्तीस वर्षांचा वैताग आहे.

४

रूपा मधल्या खोलीत उशांच्या ढिगावर अर्धवट बसली होती. या पोरीचा आधीचा फोटो मी मोबाईलवर पाहिला नसता, तर ती कधी काळी जाड होती हे मला खरं वाटलं नसतं. गाल आत गेलेले, मनगटं ऋतिकाच्या बाहुलीसारखी. अंगावर सैल गाऊन, आत पट्टा.

हे जवळ बसले. "रूपा, दोन वर्षांपूर्वी कानबाईला नेसलेली मोरपंखी साडी कुठेय?"

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी तिच्याकडे पाहत होते म्हणून मला दिसलं.

"ती... फाडली, नाना. ऋतिकाला दुपटी केली."

"सहा वर्षांच्या मुलीला दुपटी?" मी बोलून गेले.

"म्हणजे, पुसायला. पुसायला फाडली." आणि ती भिंतीकडे वळली.

झालं! जी खरी निर्दोष, ती खोटं बोलतेय, आणि जी आरोप करतेय, ती खरं बोलतेय. माझ्या डोक्याचा नुसता काला झाला.

पण मग मला एकदम उजेड पडला. मंदाबाई! थोरली जाऊ. आताच्या रूपाएवढीच उंच, तशीच सडपातळ, मागून पाहिलं तर दोघी बहिणी वाटाव्यात. रूपाची साडी नेसायची, डोक्यावर पदर घ्यायचा, की झालं काम. दळणाची वाट पाहत तासभर गिरणीत बसणारी बाई मध्येच सटकू शकते. वर धाकटीवर आळ. मी यांना बाजूला घेऊन सगळं मांडलं, फार खूश होऊन.

"सुंदर," हे म्हणाले. "फक्त मंदाबाई गिरणीतून हलली नाही. अक्काला चक्कर येत होती म्हणून तिचा हात धरून बसली होती. अक्कानंच सांगितलं."

"मग अक्का?"

"अक्का साडी नेसून स्वतःच्याच देवीचा हार चोरेल?"

मला हसूही येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नणंद आली, हातात चहाचा ट्रे. मयुरी तिचं नाव, हेमराजची धाकटी बहीण. चोपड्याला दिलेली, सकाळच्या गाडीनं कानबाईला आलेली. चांगली भरलेली बाई, ट्रे ठेवायला वाकली तरी दम लागला. भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो होता. मी त्याच्याकडे आणि तिच्याकडे दोनदा पाहिलं.

"ही मीच, काकू," ती कसनुसं हसली. "तीन वर्षांपूर्वीची. बाळ झालं, ते गेलं, आणि मग हे असं. सासरी मला पाण्याची टाकी म्हणतात."

एका घरातल्या दोन पोरी. एकीनं अंगावरून उतरवलं आणि दुसरीच्या अंगावर चढलं, असंच वाटलं मला.

"तुम्ही समोरच्या धुरपदामायला भेटलात?" तिनं विषय बदलला. "किती सामान आणलंय बाई सुरतेहून! ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही, दोन बोजे अन् शिलाई मशीनसुद्धा."

"हो का?" हे म्हणाले. चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "मास्तरीणबाई, धुरपदाबाईंना इकडे बोलावून आणा. म्हणावं, चोर कोण ते बोट दाखवून सांगा, सगळ्यांसमोर."

५

ओसरीवर सगळे जमले. अक्का खाटेवर. मंदाबाई खांबाला टेकून. हेमराजनं रूपाला हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं, ती कमरेत वाकलेलीच. कोपऱ्यात केळीचे खांब तयार उभे होते, त्यांच्याखाली रिकामा चौरंग. ऋतिका अक्काच्या पायाशी. मयुरी अंगणातल्या टाकीवर पाणी भरत होती, पाठ आमच्याकडे.

धुरपदाबाई आल्या. खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"आजी," हे म्हणाले, "काल पाहिलेली रूपा दाखवा."

म्हातारीनं सगळ्यांकडे पाहिलं. मंदाबाईकडे पाहून मान हलवली. मग खुर्चीपाशी गेली आणि रूपाच्या गालावरून हात फिरवला.

"हाई कोनी पोर शे वं मंदा? तुन्ही बहीण का? कितली रोडावेल शे बिचारी. दुखनं शे का काही?"

हेमराजचं तोंड उघडंच राहिलं.

"आजी, रूपा कुठेय?" यांनी पुन्हा विचारलं.

"रूपा?" म्हातारी वैतागली. "अशी काय इचारतस? ती काय, टाकीवर पानी भरी र्‍हायनी!" आणि तिनं सरळ अंगणाकडे बोट केलं.

कळशी मयुरीच्या हातातून सुटली.

६

मग हे बोलायला लागले, अगदी हळू, अक्काकडे बघून. रागावल्याशिवाय बोलणारे पंडितराव मी क्वचितच पाहिलेत.

"चूक कुणाचीच नाही. धुरपदाबाई सुरतेला गेल्या तेव्हा रूपा भरल्या अंगाची होती. वजन उतरलं ते त्यांनी पाहिलंच नाही, कुणी सांगितलं नाही, आणि कालपासून ही खोलीबाहेर पडली नाही. त्यांच्या डोळ्यात रूपा म्हणजे अजून ती जुनी रूपा. म्हणून दार भरून उभी राहिलेली, मागचं काही न दिसू देणारी बाई पाहिली, अंगावर ओळखीची साडी पाहिली, की ती रूपाच. तुम्ही सगळ्यांनी रूपा हे नाव ऐकलं आणि डोळ्यांपुढे आताची आणली. दोघींचं नाव एक, अंग दोन."

"पन साडी?" अक्कानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"बारीक झाल्यावर सैल झालेल्या जुन्या ब्लाऊजांचं बाई काय करते? ज्याला येतील त्याला साडीसकट देते. मंदाबाईला ते कधीच आले नसते. कुणाला येतील, ते आता सगळ्यांना दिसतंय. मयुरी वेष पालटून आली नव्हती, अक्का. ती स्वतःची साडी नेसून आली होती. आणि आली शनिवारी. सुरतेचं सामान ओट्यावर कालच होतं, आज तो ओटा रांगोळी घालून मोकळा आहे. सकाळच्या गाडीनं आलेल्या बाईला बोजे आणि शिलाई मशीन कुठून दिसणार?"

मयुरी अंगणातच बसली होती, सांडलेल्या पाण्यात. मंदाबाईनं आतून तिची पिशवी आणली. मोरपंखी साडीच्या घडीत कापडात गुंडाळलेला हार होता, तसाच्या तसा.

"विकला नाही गं आई," मयुरी हुंदके देत म्हणाली. "धुळ्याला सराफाच्या पायरीपर्यंत गेले. वहिनीसारखं जठराचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. तुझ्याकडे मागायला आले होते, घरात कोणी नव्हतं, डबा समोर होता. सराफाच्या दाराच्या काचेत मला वहिनी दिसली, पूर्वीची. मग हात पुढे गेला नाही. आज गुपचूप परत ठेवणार होते, पण येऊन पाहते तर सगळ्यांना कळलेलं."

"अन् तुन्ही वहिनीवर आळ ऊना, ते दखत बसनी तू?" अक्का उठली. म्हातारीचा हात वर गेला. आपल्या पोटच्या पोरीवर इतक्या रागानं हात उचललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मध्ये कोण आलं ते मला क्षणभर कळलं नाही. रूपा होती. वाकलेली, एक हात पोटावर, दुसरा अक्काच्या मनगटावर.

"मारू नका, अक्का."

"तुले म्हाईत व्हतं?"

"सकाळी मोरपंखी साडी म्हटलेलं ऐकलं तेव्हाच कळलं. मीच दिली होती तिला."

आता माझ्या डोक्यातला शेवटचा गुंता सुटला, आणि मला लाज वाटली. आम्ही दोघं समजत होतो, ही पोर आपल्या शस्त्रक्रियेचं गुपित जपतेय. ती नणंदेला जपत होती. सरळ उभी राहू शकत नाही हे कळलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोण होती? म्हणून ती गप्प राहिली, दुपट्यांचं खोटं बोलली, आणि रावेरला जायला तयार झाली.

"येडी का काय तू?" अक्का ओरडली. "पोर सोडीसन गई असती, ह्या चोट्टीसाठे?"

"चोर नाही ती," रूपा म्हणाली. "अक्का, तिच्या त्या अंगात मी दहा वर्षं काढलीयेत. लग्नात बसायला आधी कुणाची खुर्ची मजबूत ते बघायचं. बसमध्ये शेजारचा उठून जातो ते बघायचं नाही. मूल गेलं तरी लोक म्हणणार, जाडीमुळे. तुम्हाला नाही कळणार ते. तिला आज सगळ्यांसमोर चोर म्हटलं असतं, तर ती विहिरीवर गेली असती. मी रावेरला गेले असते, पण जिवंत."

मयुरी मोठ्यानं रडायला लागली. मग रूपानं दुसरं गुपितही सांगून टाकलं. हार्निया नव्हता. नानांसारखीच धुळ्याला काढलेली पोटाची कातडी होती, तिच्या घडीत जखमा चिघळायच्या, स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं, वास यायचा म्हणून ती जवळ कुणाला बसू देत नव्हती. अक्कालासुद्धा नाही.

"मी समजनू, तुले मन्हा कंटाळा उना," अक्का म्हणाली. "माले कसाले सांगं नही वं पोरी?"



७

दिवा लागायची वेळ झाली. नारळाला चांदीचे डोळे, नाक बसवून मंदाबाईनं कानबाई सजवली. हार घालायचा मान अक्काचा, पण तिनं तो रूपाच्या हातात ठेवला. रूपानं हात उचलला, चौरंगावरच्या देवीच्या गळ्यापर्यंत तो पोचेना. ती कळवळली. आमच्या ह्यांनीही सवयीनं स्वतःचं पोट धरलं.

"थांब," अक्का म्हणाली. "चौरंग काढा. यंदा कानबाई पाटवर बसाडा."

"अक्का, आजवर कधी..." मंदाबाई म्हणाली.

"आजवर नही. आते."

देवी पाटावर आली. रूपानं वाकूनच तिच्या गळ्यात हार घातला. धुरपदाबाई अजूनही तिच्याकडे टक लावून पाहत होत्या आणि दर थोड्या वेळानं विचारत होत्या, "खरंच रूपा शे का वं तू?"

मग घरची मंडळी रोट खायला बसली. आम्ही परके, म्हणून आम्हाला ओसरीवर चहा मिळाला. एवढा छडा लावून, पुरण गॅसवर सोडून आलेल्या माणसांना नुसता चहा! पण रिवाज म्हणजे रिवाज. आमच्याबरोबर मयुरी बसली होती, कारण लेकही परकीच. तिनं चहाही घेतला नाही. गुडघ्यात मान घालून बसली होती. आतून गाण्यांचा आवाज येत होता आणि मला तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. लेकीच्या शेजारी जमिनीवर बसली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं ते आमच्या ह्यांच्याकडे, त्यांच्या पोटावरच्या पट्ट्याकडे.

"साहेब," ती म्हणाली, "धुळाना त्या डागतरनं नाव काय शे?"